लॉस्ट डचमन: सहा मैलांच्या आकड्यावर जाऊ नका

"फ्लॅटआयर्नचा सपाट माथा, जाऊन-येऊन सहाच मैल, आरामात होतं" असं सांगणाऱ्यांपैकी निम्मे लोक वाटेतल्या कातळी बेसिनवरून परत फिरलेले असतात. अ‍ॅरिझोनात फिनिक्सजवळच्या चँडलर-गिल्बर्टकडच्या आपल्या मंडळींत हा सल्ला सर्रास फिरतो, म्हणून लिहितोय.

लॉस्ट डचमन स्टेट पार्क अपाची जंक्शनच्या जरासं पुढे आहे. पार्क जेमतेम ३२० एकरांचा, पण मागे सुपरस्टिशनचा डोंगर सरळ उभा ठाकलेला. सायफन ड्रॉची वाट पाण्याने गुळगुळीत झालेल्या कातळी बेसिनपर्यंत चांगली आहे. तिथे ती संपते. वर फ्लॅटआयर्नपर्यंत आखलेली वाटच नाही, आणि पार्कवाले ते स्पष्ट सांगतात. एकूण चढ सुमारे २,७०० फूट, त्यातला बराचसा इथून पुढे. अरुंद घळ, सुटे धोंडे, घसारा, आणि आधाराला हात टाकावा तर काटे. माथ्याच्या थोडं खाली दहा-बारा फुटांचा कातळटप्पा. चढताना तो निघतो. उतरताना पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही, तेव्हा खाली उभं राहून सांगणारा एक जण हवाच. उतरायला चढण्याइतकाच वेळ धरा. आमचे गुडघे अजून बोलतायत.

सह्याद्रीत घळी चढलेल्यांनी खुशाल जावं, वर पोचल्यावर अख्खं फिनिक्सचं खोरं पायाखाली येतं आणि सगळ्या शिव्या माफ होतात. लहान मुलं, आई-बाबा बरोबर असतील तर पार्कमधलीच ट्रेझर लूप ही सोपी वाट करा, विषय संपला.

माणशी तीन लिटर पाणी, वाटेत थेंब मिळत नाही. हातमोजे. आणि कंगवा! चोया निवडुंगाचे काटेरी गोळे अंगाला चिकटले की बोटांनी काढायला जाऊ नका, कंगव्याने उडवा. मे ते सप्टेंबर नावच काढू नका. प्रवेश फी गाडीमागे आहे, तेव्हा दोन गाड्या नेऊन दुप्पट भरू नका. हिवाळ्यातल्या शनिवारी उजाडताच पोचा.

पार्कचं नाव जेकब वॉल्ट्झ या जर्मन खाणवाल्यावरून (तेव्हा जर्मनांनाही 'डच' म्हणत). १८९१ मध्ये तो फिनिक्सला वारला आणि त्याच्या सोन्याच्या खाणीचा पत्ता त्याच्याबरोबर गेला, अशी कथा. त्याची शुश्रूषा करणाऱ्या ज्युलिया थॉमसने पुढच्याच वर्षी डोंगर पालथा घातला. हाती काही नाही. १९३१ मध्ये अ‍ॅडॉल्फ रूथ ती खाण शोधायला गेला, सहा महिन्यांनी त्याची कवटी सापडली. १९८४ पासून पार्कमागच्या सुपरस्टिशन अभयारण्यात खाणीसाठी नवा दावा लावायलाही बंदी आहे, तरी शोधणारे येतातच. आम्हाला त्या घळीत सोनं दिसलं असतं तरी वाकायची ताकद नव्हती.

गोल्डफील्ड रस्त्यावरच लागतं. १८९२ च्या सोन्यावर वसलेलं ते गाव काही वर्षांत ओस पडलं, आज दिसतं ते बरंचसं नंतर उभारलेलं. फ्लॅटआयर्न करून आला असाल तर गाडीतूनच नमस्कार करा आणि घर गाठा.