नऊ तारीख बाजाराच्या दिवशी आली की

गिरणीत दळण टाकून ती माझ्या दारात आली, तेव्हा मे संपत आला होता. "आशाताई, ती पट्टी द्या ना." निश्चय किट, म्हणजे दिवस गेलेत का ते बघायची पट्टी, मागायला आमच्याकडं कुणी सरळ येत नाही, दळणाचं नाहीतर लेकराच्या लसीचं निमित्त असतं. दोन रेघा उमटल्या. "आत्याबाईंना एवढ्यात सांगू नका," म्हणाली आणि पीठ न्यायला पळाली.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या गावात मी बारा वर्षं आशा आहे. बारा आठवड्यांच्या आत नोंद झाली पाहिजे, असं वरून सांगतात. घरात सांगतात, तीन महिने भरेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, दृष्ट लागते. म्हणजे सरकारची मुदत संपते तिथं घरच्यांचं तोंड उघडतं. दोन मुलींवर राहिलेलीचं तर आणखी अवघड. एकदा नाव वहीत चढलं की पुढं काय झालं ते कुणीतरी विचारणार, म्हणून तिला नावच नको असतं. का ते मला कळतं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळतं.

त्या पट्टीवालीच्या सासूबाई म्हणाल्या, "माझी पाच बाळंतपणं घरातच झाली. कुणी रक्त काढलं?"

"पाचातली किती हाताशी आहेत, मामी?" असं मी विचारून बसले. विचारायला नको होतं. त्या शेंगा निवडत राहिल्या, बोलल्या नाहीत. सून मात्र जुलैत उपकेंद्रात आली. सिस्टरनी वजन, बीपी, रक्त बघितलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, कार्ड भरलं.

मीटिंगमध्ये जनजागृती कमी पडते म्हणतात. मला तसं वाटत नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर फुकट तपासतात, 2016 पासून. ती तारीख बाजाराच्या दिवशी आली की माझ्या गावातून सहा-सात जणी जातात, कारण त्या दिवशी जीप असते. एरवी दोन गेल्या तरी पुष्कळ. मग जागृती काय फक्त बाजाराच्या दिवशी होते?

आणि काही जणी एकदा जाऊन आल्या की पुन्हा जात नाहीत. एकीला एका दवाखान्यात सगळ्या रांगेसमोर ऐकवलं होतं, "परत आलीस का?" चौथी खेप होती तिची. त्यानंतर ती थेट कळा सुरू झाल्यावरच गेली. कुठल्या योजनेचा पैसा तिला पुन्हा त्या रांगेत उभा करणार?

लोहाच्या गोळ्यांची वेगळीच तऱ्हा. संडास काळी होते, मळमळतं, वर कुणीतरी सांगतं की बाळ मोठं होऊन अडतं. 180 गोळ्यांतल्या निम्म्या मला गोठ्याच्या वळचणीला सापडतात. चहाबरोबर घेऊ नका, लिंबू पिळून घ्या, हे सांगून माझा घसा बसलाय.

पण आमच्याकडं खरी तारीख दसऱ्याची, ऊसतोडीला निघायची. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. ती मागं राहिली तर अर्धाच कोयता, मग उचल फिटायची कशी? त्या पट्टीवालीला सहावा महिना चालू होता. दोन तपासण्या झालेल्या, उरलेल्या दोन फडावर, ऊस तोडायच्या रानात, येणार होत्या. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी तिच्या हातात दिलं, टेम्पोत चढताना. तिथं एक दिवस कामावर नाही गेलं तर खाडा, आणि खाड्याचा दंड. चारही तपासण्या झाल्या तर मला 300 रुपये मिळतात, तेही त्या दंडापुढं आठवतात. खोटं कशाला बोलू.

नोव्हेंबरच्या शेवटी नवऱ्याच्या फोनवरून तिचा आवाज. "आशाताई, काल पाऊस झाला. गाडी फडात जाईना, तोड बंद. म्हणून जाऊन आले."

"रक्त किती भरलं?"

"नऊ पॉइंट दोन. गोळ्या दिल्यात. पण कोपीत उंदीर लई झालेत, कुठं ठेवू?"

पत्र्याच्या डब्यात ठेव म्हणाले, झाकण घट्ट लागतं असा बघ.