बारा चालींत कार्पोव्ह

१९९३, नेदरलँड्समधलं वाइक आन झे. काळ्या मोहऱ्यांनी बुद्धिबळाचा माजी विश्वविजेता अनातोली कार्पोव्ह, समोर रेटिंगने (खेळाडूच्या ताकदीचा आकडा) बराच खाली असलेला अमेरिकन ग्रँडमास्टर लॅरी ख्रिश्चनसेन. अकराव्या चालीला कार्पोव्हने उंट डी-६ वर आणला. ख्रिश्चनसेनने सी-२ वरचा वजीर मागे घेऊन पुन्हा डी-१ वर, मूळ घरी ठेवला. कार्पोव्हने तिथेच डाव सोडला.

पट मांडून बघाच. डी-१ वरून वजिराचा सरळ मारा डी-६ च्या उंटावर आणि तिरका मारा एच-५ च्या घोड्यावर. दोन्ही बिनजोर, म्हणजे त्यांना राखणारं दुसरं मोहरं नाही. काळा वजीर डी-८ वर आहे, पण डी-७ वर त्याचंच प्यादं आडवं, म्हणून उंटाला जोर पोचत नाही. एक वाचवावं तर दुसरं जातं. अशी चाल सुटते, कारण मारा शोधताना आपण पुढे जाणाऱ्या चाली बघतो. माघार घेणारा वजीर कुणी मोजतच नाही.

रेटिंगचं गणित अशा निकालांना जागा ठेवूनच चालतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये कतार मास्टर्समध्ये कझाकस्तानच्या अलीशेर सुलेमेनोव्हने (२५१२) मॅग्नस कार्लसनला (२८३९) हरवलं. फरक ३२७. जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, म्हणजे फिडेच्या तक्त्यानुसार एवढ्या फरकाला वरच्या खेळाडूकडून ०.८७ गुणांची अपेक्षा असते, खालच्याकडून ०.१३. एका डावाने रेटिंग किती हलावं हे ठरवणारा गुणक म्हणजे के-फॅक्टर; कार्लसनचा १०, म्हणजे या एका डावाने ८.७ गुण गेले. हे ०.१३ म्हणजे जिंकण्याची १३ टक्के शक्यता नव्हे, ही गल्लत फार होते. त्यात बरोबरीचे अर्धे गुणही धरलेले असतात, त्यामुळे निव्वळ विजयाची शक्यता त्याहून कमीच.

आपल्या स्पर्धांत १५०० वाल्याने १९०० वाल्याला हरवलं तर तक्त्यातला आकडा ०.९२. के २० असेल तर १८.४ गुण मिळतात, १८ वर्षांखालच्या मुलाचा के ४० असेल तर ३६.८.

मुलांना एक सल्ला सर्रास दिला जातो: समोरचा तगडा असेल तर मोहऱ्यांची मारामारी करून पट रिकामा कर. माझ्या मते हा सल्ला घातक आहे. प्यादी आणि हत्तींच्या अंत्यडावात तंत्रातला फरक सगळ्यात जास्त उघडा पडतो. तिथे १९०० वाला घाई न करता चाळीस चाली दळत बसतो आणि एक प्यादं काढतो. उलटफेर बहुतेक मधल्या डावात होतात, जिथे वजीर पटावर आहेत आणि राजा पुरता सुरक्षित नाही. वरचा खेळाडू बरोबरी नको म्हणून समान स्थितीत ताणायला लागतो, प्यादं पुढे ढकलतो, मागचं घर सुटतं.

त्या क्षणी प्रत्येक चालीनंतर समोरच्याची बिनजोर मोहरी मोजा. दोन सापडली, की दोघांवर एकदम मारा होईल असं घर शोधा, आणि त्यात वजिराच्या मागे येणाऱ्या चालीही धरा.