गाड्या कमी, रस्ता आपला

सायकलसाठी रूट शोधताना मी आधी मोठा हायवे बघतो, म्हणजे त्यावरून जायला नाही हं, तर त्याच्या बाजूने जुना रस्ता कुठे शिल्लक आहे का ते बघायला. नवीन हायवे झाला की सगळा ट्रॅफिक तिकडे पळतो आणि जुना रस्ता झाडं, वळणं, छोटे पूल सगळं घेऊन तसाच निवांत पडून असतो, सायकलला अजून काय पाहिजे.

नदीकाठ तर बेस्टच. युरोपातल्या डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना असा 300 किमीच्या वरचा रूट आहे, बराचसा गाड्यांपासून वेगळा, आणि नदी वाहते त्याच दिशेने जायचं म्हणजे एकंदरीत उतारच, म्हणून पहिल्यांदा लांब जाणारे पण तो आरामात करतात.

डोंगरात मात्र नुसते किलोमीटर बघून फसायला होतं. 1 किमीत 100 मीटर चढ म्हणजे सरासरी 10 टक्के, मॅपवर नखाएवढं दिसतं आणि प्रत्यक्षात घाम काढतं. मी एकदा 40 किमीच तर आहे म्हणून निघालो आणि शेवटचे 3 किमी सायकल ढकलत, बुटाच्या क्लीट (पेडलला अडकवायच्या तळाच्या पट्ट्या) डांबरावर खडखड वाजवत चालत गेलो. वरून दरी काय दिसत होती पण! असो, तेव्हापासून एलिव्हेशन प्रोफाइल, म्हणजे कुठे किती चढ-उतार ते दाखवणारा आलेख, आधी बघतो.

समुद्राकाठी आणि मोकळ्या माळावर चढ कमी पण वारा बेकार, त्यामुळे जाताना तो समोरून घ्यायचा आणि येताना पाठीवर, मी हे उलटं करून बघितलंय, परत नाही करणार.