करार आधी वाचायला मिळाला पाहिजे
आज दिवसभर नागरिक मंचाच्या अधिवेशनात होते. विषय होता खाजगीकरण आणि सार्वजनिक-खाजगी भागीदारी. सकाळची भाषणं नेहमीचीच, पण दुपारच्या गटचर्चेत करारांतली कलमं उलगडायला लागली आणि सभागृह एकदम जागं झालं.

सगळ्यात जास्त वेळ शिकागोवर गेला. २००८ मध्ये त्या शहराने रस्त्यांवरचे पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी एका खाजगी कंपनीला दिले, सुमारे ११५ कोटी डॉलरला. नगरसेवकांना विचार करायला जेमतेम काही दिवस मिळाले. पुढच्याच वर्षी शहराच्या महानिरीक्षकांनी, म्हणजे महापालिकेच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, दाखवून दिलं की मीटरची खरी किंमत याच्या जवळपास दुप्पट होती. शिवाय दुरुस्तीसाठी किंवा मिरवणुकीसाठी रस्ता बंद केला, तर बुडालेलं उत्पन्न महापालिकेने कंपनीला भरून द्यायचं! पंच्याहत्तर वर्षं. आज मत देणारे बहुतेक जण करार संपेल तेव्हा नसतील. मला हे फार अस्वस्थ करून गेलं.

पॅरिसने उलटी वाट धरली. खाजगी कंत्राटं संपल्यावर २०१० पासून पाणीपुरवठा पुन्हा शहराच्या हाती घेतला, आणि २०११ मध्ये पाण्याचा दर ८ टक्क्यांनी उतरवला.

खाजगी भांडवल नकोच, असं मी म्हणणार नाही. चोख काम करणाऱ्या कंपन्या असतात, आणि ढिसाळ सरकारी खातीही आपण पाहतोच. पण जोखीम कोणाच्या माथी आणि नफा कोणाच्या पदरात, हे सही होण्याआधी लोकांसमोर यायलाच हवं. मंचाने तसा ठराव मांडला, मीही हात वर केला. मसुदा समितीत नावही दिलंय.