माझा अनुभव : दोन अंशांवरच्या सूर्यातून ओझोन मोजताना

ध्रुवाकडे ओझोन मोजायला गेले होते म्हटलं की पहिला प्रश्न येतो, फुगे सोडायचे का? फुगेही सोडतात, पण माझं काम जमिनीवर बसून करायचं होतं. कॅनडाच्या एल्समेअर बेटावर युरेका म्हणून जागा आहे, ८० अंश उत्तर, तिथे कड्यावर ६१० मीटर उंचीवर लॅब आहे आणि तिच्या छतावरचे आरसे सूर्याचा उजेड पकडून खाली स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे उजेडाचे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, सोडतात. वरच्या हवेतले कित्येक वायू त्या उजेडाच्या इन्फ्रारेड भागातून आपापल्या ठरलेल्या रेषा खातात, मग रेष किती खोल गेली, किती रुंद झाली यावरून तो तो वायू एकूण किती आणि ढोबळमानाने किती उंचीवर आहे हे काढायचं. ऐकायला सोपं आहे.

अडचण अशी की हिवाळाभर तिथे सूर्यच नसतो. तो उगवतो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि ओझोनचा नाश सुरू व्हायची वेळही साधारण तीच, म्हणजे सगळी गंमत नेमकी सूर्य क्षितिजाला चिकटलेला असताना चालते. आम्ही आधीच पोचून अंधारातच तयारी केली, दिव्याच्या उजेडात हायड्रोजन ब्रोमाइड भरलेली काचेची सेल लावून यंत्र रेषा वाकडीतिकडी तर दाखवत नाही ना ते बघितलं, डिटेक्टरमध्ये द्रव नायट्रोजन ओतायची सवय करून घेतली (उणे १९६, हात सांभाळून). आणि मग वाट बघणं. सूर्य आला तर ढग, ढग गेले तर हवेत तरंगणारे हिमकण, तेही नसले तर आरशावर हिमाचा थर, तो ब्रशने झाडताना श्वास रोखून धरायचा, कारण तोंडाची वाफ आरशावर लागली की तिथेच गोठते आणि पुन्हा पहिल्यापासून झाडत बसा. पहिला बरा स्पेक्ट्रम मिळायला मला चार दिवस लागले. तेव्हा १९८६ साली शास्त्रज्ञ सुसान सॉलोमन आणि त्यांच्या टीमने अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डोला छतावर आरसा लावून चक्क चंद्राच्या उजेडात क्लोरीन डायऑक्साइड मोजला होता, ते आठवून जरा लाज वाटली, आपल्याला निदान सूर्य तरी होता.

आता खरी गोष्ट. फेब्रुवारीच्या शेवटी एका दिवशी ओझोनचा आकडा आदल्या दिवसापेक्षा धपकन खाली आला. हायड्रोजन क्लोराइडही खाली. मी पुस्तकात वाचलेलं सगळं डोळ्यांपुढे जुळून आलं: उणे ७८ च्या आसपास थंडीत वर ध्रुवीय ढग तयार होतात, त्यांच्या कणांवर हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट एकमेकांत रिअ‍ॅक्ट होतात, क्लोरीन मोकळा होतो, ऊन लागलं की त्याचे अणू ओझोनच्या मागे लागतात. शिवाय नकाशा बघितला तर व्होर्टेक्स, म्हणजे ध्रुवाभोवतीचा थंड हवेचा भोवरा, बरोबर आमच्या डोक्यावर. मी आलेख काढून सिनियरकडे पळतच गेले. त्यांनी आलेखाकडे नीट बघितलंही नाही, विचारलं, फ्लोराइडचं काय?

हायड्रोजन फ्लोराइड मी काढलाच नव्हता. मला वाटायचं तो वायू काही करतच नाही, मग कशाला मोजायचा. पण काही करत नाही हाच त्याचा गुण आहे हो! तो वर स्ट्रॅटोस्फिअरमध्येच (ओझोनचा थर असतो तो हवेचा वरचा भाग) सीएफसी, म्हणजे पूर्वी फ्रीजमध्ये वापरायचे ते वायू, तुटून तयार होतो आणि मग कोणाशी रिअ‍ॅक्ट होत नाही, हवा खाली बसली की त्याचा एकूण साठा वाढतो, हवा वर उचलली गेली किंवा दक्षिणेकडची हवा आली की कमी होतो. म्हणजे क्लोराइड कमी झाला तो केमिस्ट्रीने की नुसत्या वाऱ्याने, हे सांगणारा साक्षीदार तोच. रात्री बसून काढला, तर फ्लोराइडही तेवढ्याच प्रमाणात घसरलेला, दोघांचं गुणोत्तर जागच्या जागी. झालं. ओझोन नष्ट बिष्ट काही झाला नव्हता, वेगळी हवा दिसत होती, बास.

पण व्होर्टेक्स तर डोक्यावर होता ना? इथेच माझी दुसरी चूक, आणि ही मला अजून जास्त लागली. आम्ही डोक्यावर बघतच नव्हतो! सूर्य क्षितिजापासून दोन अंशांवर असेल तर उजेडाची वाट इतकी आडवी असते की १८ किलोमीटर उंचीवर ती किरणं आमच्यापासून जवळपास ३०० किलोमीटर दक्षिणेला असतात, ओझोनच्या थरातून जाणारी वाट उभ्यापेक्षा दहापट लांब. म्हणजे नकाशावर स्टेशनचा ठिपका बघून उपयोगच नाही, त्या उंचीवर किरण जिथून जातो तो ठिपका बघायचा, आणि तोही दिवसभर सूर्याबरोबर सरकत राहतो. त्या दिवशी आमचा किरण भोवऱ्याच्या काठाबाहेरून येत होता. तेव्हापासून स्पेक्ट्रम घेतला की आधी ही वाट काढायची, मग बाकीचं, अशी मी सवयच लावून घेतली.

मार्चमध्ये सूर्य थोडा वर आला, किरणाची वाट आखडली आणि आम्ही भोवऱ्याच्या आतच बघायला लागलो. आता फ्लोराइड चढलेला, कारण आत हवा हिवाळाभर खाली बसत आलेली असते, आणि त्याच्या मानाने क्लोराइड अगदीच कमी. क्लोरीन नायट्रेटही खाली. हवा खाली बसली की ओझोनचा आकडाही खरं तर वाढायला हवा, तो वाढत नव्हता, म्हणजे या वेळी ओझोन खरंच नष्ट होत होता. उत्तरेकडे नुसता आकडा बघून फसायला होतं, कारण तिथे वसंतात ४०० डॉब्सनच्या (ओझोन मोजायचं एकक) वरही सहज असतो आणि त्यातून बरंच गेलं तरी अंटार्क्टिकात ज्याला छिद्र म्हणतात त्या २२० च्या खाली सहसा जात नाही, २०२० सारखं वर्ष विरळाच. या वेळी आलेख घेऊन मी चालत गेले. सिनियरनी एकदा आलेख बघितला, एकदा वाटेचा नकाशा, आणि मान हलवली.

मार्च संपता संपता क्लोरीन नायट्रेट झपाट्याने वर यायला लागला. उत्तरेत असंच होतं, मोकळा क्लोरीन आधी नायट्रेटमध्ये जाऊन बसतो, क्लोराइड मागाहून हळूहळू भरतो. तो भरताना बघायचं होतं पण आमचं विमान त्याआधीच आलं, तो भाग मग मी परत आल्यावर तिथून आलेल्या डेटात बघितला.