दिवसा दिसतंय का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. भंगारातल्या मॉनिटरचा प्रोजेक्टर केल्यापासून गल्लीतल्या पोरांपासून मंडळाच्या अध्यक्षांपर्यंत प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "वो काका, दिवसा दिसतंय का?" कसा केला, किती खर्च आला, हे नंतर. आणि 'नाही' म्हटलं की चेहरा पडतो, पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही. ते पुढचं इथं लिहितो.

आधी प्रोजेक्टरच्या पेटीत काय आहे ते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. ते ओसरल्यावर बाजारपेठेतल्या दुकानांतले चिखलात बुडालेले मॉनिटर ढिगानं भंगारात आले. त्यातला १५ इंची एक मी उचलला. पॉवर सप्लाय गाळानं गेलेला, बॅकलाइटच्या, म्हणजे मागच्या दिव्याच्या, शीटांमध्ये पाणी शिरून डाग पडलेले, पण चित्र उमटवणारी काच, म्हणजे एलसीडी, शाबूत. टीव्ही दुरुस्तीत हयात गेल्यावर शाबूत काच टाकवत नाही. दुसरी वस्तू एका कॉलेजच्या जुन्या सामानातला ओव्हरहेड प्रोजेक्टर, तो पारदर्शक कागद ठेवून शिकवायचा. त्याच्या काचेखाली फ्रेनेल लेन्स असते. बारीक गोल खाचा पाडलेला प्लॅस्टिकचा पातळ पत्रा, पण काम करतो जाड भिंगाचं. ऑगस्तँ फ्रेनेल या फ्रेंच माणसानं ही युक्ती दीपगृहासाठी काढली, १८२३ मध्ये कोर्दुआँच्या दीपगृहावर ती पहिल्यांदा बसली. माझ्या प्रोजेक्टरात असे दोन पत्रे एकमेकांना चिकटलेले होते. ते सोडवून एक एलसीडीच्या मागे आणि एक पुढे बसवला. मागचा पत्रा दिव्याचा उजेड सरळ करून काचेतून पाठवतो, पुढचा तो गोळा करून भिंगात घालतो. भिंगही त्याच यंत्राचं, ३१७ मिलिमीटर नाभीय अंतराचं. पत्रे काचेपेक्षा जरा अरुंद आहेत, त्यामुळे चित्राच्या डाव्या-उजव्या कडेची बोटभर पट्टी अंधारात जाते. मला चालतं.

दिवा मात्र नवा, १०० वॅटचा सीओबी एलईडी, म्हणजे एकाच पट्टीवर दाटीनं बसवलेले बारीक एलईडी. जुना हॅलोजन ठेवला असता तर उजेडापेक्षा उष्णताच जास्त मिळाली असती.

आता हिशेब. असा एलईडी चांगला असला तर आठएक हजार लुमेन देतो; लुमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप. त्यातला निम्मा उजेड इकडंतिकडं पेटीच्या भिंतींवर जातो, चार हजार काचेपर्यंत पोचतात. काचेच्या दोन्ही अंगांना पोलरायझर फिल्म असते. पहिली फिल्म एकाच दिशेनं कंप पावणारा उजेड आत सोडते, म्हणजे निम्म्याहून जास्त तिथंच खलास. मग रंगांचे फिल्टर. प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग, आणि प्रत्येक भाग आपला रंग ठेवून बाकीचे दोन गिळतो. उरलेल्याचे दोन तृतीयांश तिथं गेले. ठिपक्यांमधल्या काळ्या जाळीचा आणि ट्रान्झिस्टरचा वाटा वेगळा. पूर्ण पांढऱ्या चित्राला काचेतून शंभरातले सहा-सातच बाहेर पडतात. भिंगाची घट धरून भिंतीवर पडतात दोनशे लुमेन. म्हैसाळ सिंचन योजनेच्या पाण्याची वाट बघणाऱ्या, कालव्याच्या टेलच्या म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला हा हिशेब वेगळा सांगायला नको.

जुनी माणसं इथं अडवतात. "जत्रेतल्या तंबूत तर झकास दिसायचं की!" दिसायचंच. एक तर तिथं कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची झगझगीत कमान जळायची. शिवाय सिनेमाच्या रिळाचा पांढरा भाग जवळजवळ सगळा उजेड पुढं सोडतो. त्याला ना पोलरायझर, ना तीन रंगांचे फिल्टर. आणि तरीसुद्धा तंबूवाला दिवस मावळायची वाट बघायचाच, हे लोक विसरतात.

काळा रंग प्रोजेक्टर टाकू शकत नाही, हा खरा मुद्दा. काळं म्हणजे जिथं त्यानं उजेड टाकला नाही ती भिंत. आठ फूट रुंद, सहा फूट उंच चित्रावर माझे दोनशे लुमेन पसरले की पडतात साधारण ४५ लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला ४५ लुमेन. खोलीत ट्यूबलाइट लावली तर भिंतीवर आधीच शंभर लक्स आहेत. म्हणजे काळं १०० आणि पांढरं १४५. हिरोचे केस आणि हिरोचा शर्ट एकाच रंगाचे. दुपारी खिडकी उघडी असेल तर भिंतीवर पाचशे-हजार लक्स सहज असतात, तिथं माझ्या ४५ नं काय होणार? दिवे बंद केल्यावर तेच ४५ पुरतात. चांगल्या थिएटरच्या पडद्याच्या तुलनेत साधारण चौथा हिस्सा, पण डोळा सरावतो.

"मग दिवा मोठा लावा की," हे दुसरं हमखास वाक्य. लावता येतो, पण गिळलेला उजेड नाहीसा होत नाही, तो त्या फिल्ममध्ये उष्णता होऊन बसतो. काच फार तापली की आतले द्रवस्फटिक, ज्यांच्यामुळे चित्र उमटतं ते, आपली रचना सोडतात आणि चित्राच्या मधोमध काळा डाग पसरतो. गार झाल्यावर जातो. फिल्म भाजली तर मात्र ती बदलायलाच लागते. म्हणून माझ्या पेटीत एलईडीची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकला एक आणि काचेच्या अंगावरून वारा घालायला दुसरा असे दोन पंखे आहेत, आणि शांत प्रसंगात त्यांचीच घरघर ऐकू येते.

दिवा न वाढवता थोडा उजेड वाचवता येतो. मॉनिटरच्या पुढची फिल्म खरखरीत असते, डोळ्यावर झळ येऊ नये म्हणून. प्रोजेक्टरात ती सरळ आलेला उजेड फाकवते. ती काढून दुरुस्तीच्या दुकानात रोलनं मिळणारी गुळगुळीत फिल्म लावली. लावताना एक बघायचं, उलटी बाजू आली की सगळं चित्र निगेटिव्ह. काच बसवायची तीही डोकं खाली आणि तोंड दिव्याकडं करून, कारण भिंग चित्र फिरवतं. मॉनिटरच्या मागं दुमडलेलं बोर्ड उलगडून बाजूला घ्यावं लागतं, नाहीतर त्याची सावली पडते. काही पॅनलांची पट्टी केबल इतकी आखूड असते, की बोर्ड हलतच नाही. तसलं पॅनल घेऊ नका.

बाजारातले स्वस्त प्रोजेक्टर आतून बहुतेक असेच असतात, एक एलसीडी आणि एक एलईडी. खोक्यावर छापलेले हजारो लुमेन मनावर घेऊ नका. महागड्यांपैकी काहींत रंग आधीच वेगळे करून तीन छोट्या काचांतून पाठवतात, म्हणून फिल्टरची गळती वाचते. ते घरी जमणारं काम नाही. पैसे वाचवायला म्हणून तर माझ्यासारखा उद्योग करूच नका, एलईडी, त्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर, पंखे आणि प्लायवूड धरून स्वस्तातल्या तयार मालाच्या आसपासच खर्च जातो.

मंडळाच्या अध्यक्षांना पोरांसाठी दुपारचा कार्यक्रम करायचाच होता. त्यांना मी वेगळा हिशेब दिला. चित्र अर्ध्या रुंदीचं केलं की उजेड चौपट होतो. चार फुटांच्या चित्रावर १८० लक्स. सभागृहाला जाड पडदे लावून भिंतीवरचा उजेड वीस लक्सच्या आत आणला तर चालेल. हे मोबाइलमधल्या उजेड मोजायच्या मीटरवरही अंदाजे बघता येतं. फक्त चार फुटांच्या चित्राला भिंग भिंतीपासून सव्वापाच फुटांवर येतं, तेव्हा पोरांना पेटीच्या दोन्ही बाजूंना बसवा, समोर कुणी उठायचं नाही. पडदे मंडळ आणणार आहे.