अण्णा, जुना राइड घेऊ का?

हा प्रश्न मला सारखा येतो. राइड म्हणजे ड्रमसेटमधली ताल धरायची मोठी धातूची थाळी, म्हणजेच सिंबल. कधी ऑर्केस्ट्रात नवीन लागलेला पोरगा विचारतो, कधी चर्चमध्ये वाजवणारा ड्रमर, कधी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलाचे वडील. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो असतो. पलंगावर ठेवलेली पिवळी थाळी, त्यावर अर्धवट पुसलेलं नाव आणि खाली एक ओळ : ‘अण्णा, सेकंडहँड आहे, घेऊ का?’ आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

घ्या. ड्रमसेटमधलं काही जुनं घ्यायचंच असेल तर राइड घ्यावा. क्रॅशवर, म्हणजे जोरदार ठोक्याच्या सिंबलवर, माणूस हात उगारून कडेला हाणतो, म्हणून तो लवकर तडकतो. राइडवर स्टिकचं टोक पडतं, तेही मधल्या भागात. नीट वागवलेला राइड मालकाच्या हाताआधी थकत नाही. पण फोटो बघून ‘घे’ म्हणणं मला जमत नाही, आणि व्हिडिओवर तर मुळीच नाही. फोन मोठा आवाज आपोआप दाबतो आणि बारीक आवाज उचलतो. त्यात चांगला राइड आणि भिकार राइड दोन्ही सारखेच ‘टिंग’ करतात.

आता धातूचं. ज्यांच्या घरात पायाला तेल लावायची काशाची वाटी आहे त्यांना हे सांगायला वेळ लागत नाही. स्वस्तातल्या नव्या सेटबरोबर येणारी सिंबलं बहुतेक पितळेची, म्हणजे तांबं आणि जस्त. चांगले राइड तांबं आणि कथिलाचे. बी-२० म्हणजे त्यात २० टक्के कथील, बी-८ म्हणजे ८ टक्के. बी-२० हे जवळजवळ आपलं कासंच. काशाची वाटी नखाने वाजवा, मग तेवढीच पितळेची वाजवा. कुठली जास्त वेळ बोलते ते लगेच कळेल. आणि पितळ आपटलं तर चेपतं, कासं फुटतं, हे आजीने सांगितलेलं असतंच. सिंबललाही तेच लागू. तेव्हा नव्या पितळी राइडच्या पैशात, थोडी भर घालून, जुना काशाचा मिळत असेल तर माझं मत विचारायचीही गरज नाही.

पण पोरं मग बी-२०, बी-२० असा जपच सुरू करतात. पाइस्टे या सिंबल कंपनीची ‘२००२’ नावाची मालिका १९७१ पासून बी-८ मध्ये बनते, आणि तिच्यावर रॉकवाल्यांची आख्खी पिढी पोसली गेली. उलट झिल्जन कंपनी घ्या. १६२३ पासूनचं, इस्तंबूलच्या आर्मेनियन घराण्याचं नाव. त्याच घरातल्या एका भावाने वेगळं होऊन १९८१ मध्ये कॅनडात सेबियन काढली. दोन्ही नावं मोठी, पण दोघांनीही शिकाऊ मुलांसाठी पितळी सिंबलं विकली आहेत. त्यामुळे ‘झिल्जन आहे अण्णा’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही. नावाशेजारी मालिका कुठली छापली आहे ते वाचा.

नावच पुसलेलं असेल तर? होटगी रोडला एका घरी मी एका विद्यार्थ्याबरोबर राइड बघायला गेलो होतो. त्यांचा मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेलेला, सेट माळ्यावर पडलेला. (सोलापुरातले निम्मे जुने ड्रमसेट असेच बाजारात येतात.) काकांनी राइड खाली काढला तर लख्ख! काकूंनी दिवाळीला देवाच्या भांड्यांबरोबर चिंच लावून घासला होता. “काळा पडला होता हो,” म्हणाल्या. शाईचं सगळं नाव गेलं होतं. पोराचं तोंड उतरलं. मी राइड अंगणातल्या उन्हात तिरपा धरला, तेव्हा धातूत दाबून उमटवलेला शिक्का दिसला. झिल्जनच्या जुन्या ओतीव मालिकांवर तो असतो, आणि तो चिंचेला दाद देत नाही.

काळेपणाचं म्हणाल तर त्याने काही बिघडत नाही. लेथवर कातताना पडलेल्या बारीक गोल रेषांत मळ आणि डाग बसले की वरचा किणकिणाट थोडा दबतो, इतकंच. मला तर तसाच आवाज आवडतो. चकाकीचे जादा पैसे देऊ नका. मुंबई-कोकणातून आलेल्या सिंबलवर हिरवे डाग दिसतील, आपल्या कोरड्या हवेत ते सहसा येत नाहीत. वरवरचे असतील तर सोडून द्या. नख लावल्यावर खड्डा लागला तर मात्र भाव पाडा.

खरी भीती तड्याची. उन्हात धरा, उन्ह नसेल तर मोबाइलची बॅटरी लावा, आणि कडेवरून नख फिरवत पूर्ण फेरी मारा. कडेपासून आत जाणारा तडा पटकन दिसतो. रेषांबरोबर गोल जाणारा फसवतो, तो रेषेसारखाच दिसतो. म्हणून पालथा करून त्याच जागी मागूनही बघा. बेल, म्हणजे मधला उंचवटा, जिथून उठते तिथेही बघा. मग मधल्या भोकात बोट घालून राइड लटकवा आणि कडेला हळूच टिचकी मारा. आवाज शेवटपर्यंत सरळ जायला हवा; मधेच चर्र झालं की पुन्हा नख लावून शोधा. तडा असेल तर उठा. “वेल्डिंग करून देतो की बे, काय होतंय,” असं सांगणारा कोणीतरी भेटतोच. सिंबल तापवून, थंड करून, ठोकून धातूला जो ताण दिलेला असतो तो वेल्डिंगच्या आचेने जातो, आणि हातात ताट उरतं. तड्याच्या टोकाला भोक पाडून तो थोपवतात, पण ते आपल्याच सिंबलला दिवस ढकलायला. तसला विकत कशाला घ्यायचा?

मधलं भोकही बघा. गोल असायला हवं. एका बाजूला ओढून लांबट झालं असेल तर समजा की मालकाने स्टँडच्या लोखंडी आट्यांवर सिंबल तसाच घासत वाजवला.

वजनाचं कोणी विचारत नाही, आणि मला ते नावाइतकंच महत्त्वाचं वाटतं. होटगी रोडचा तो राइड आम्ही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेला आणि काट्यावर पालथा ठेवला. दुकानदाराने आधी राइडकडे, मग माझ्याकडे बघितलं. “काय भावानं देणार?” २३०० ग्रॅमच्या आसपास भरला. २० इंचीत दोन किलोच्या आत असेल तर पातळ, सव्वादोन ते अडीच म्हणजे मीडियम, त्यापुढे जड, असा माझा ढोबळ हिशेब. जडावर स्टिकचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. पातळ लवकर पसरतो, मागे शूऽऽ राहतं.

बाजारात जड जास्त दिसतात, आणि त्याला कारण आहे. लोक कॉलेजच्या बँडसाठी घेतात, मग दहा बाय दहाच्या खोलीत तो ठणाणा सहन होत नाही. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात तर निम्मं काम ऑक्टोपॅडच (इलेक्ट्रॉनिक ड्रमपॅड) करतो, बाजूला हायहॅट (पायाने उघडझाप करायची सिंबलची जोडी) आणि एखादा राइड. गाणाऱ्याचा माइक तुमच्यापासून हातभरावर, त्यात तुमची बेल गाण्यापेक्षा आधी शिरते. चर्चमध्ये उलटी अडचण. उंच छत, आवाज घुमतो, पातळ राइड लावला तर शब्द त्याच्यात बुडतात. म्हणून मी बहुतेकांना २० इंची मीडियमच सांगतो. १८ इंची ‘क्रॅश-राइड’ स्वस्त मिळतो, पण तो दोन घरचा पाहुणा, उपाशी राहतो.

वाजवून बघताना स्टिक स्वतःची न्या. दुकानातली नायलॉनच्या टोकाची स्टिक कुठल्याही राइडला चकचकीत करते. सिंबल धरणारा वरचा विंगनट ढिला करा, सिंबल डोलला पाहिजे. आणि हळू सुरुवात करा. सगळे आधी धाडकन बेलवर मारतात. तुमच्या रोजच्या गाण्याच्या लयीत, रोजच्या ताकदीने मिनिट-दोन मिनिटं सलग वाजवा. मागचा शूऽऽ हळूहळू साठत जातो. तो साठल्यावरही स्टिकचा ठोका वेगळा ऐकू येतोय का, हे ऐकायचं. मग बेल, मग कडेला एक हलका क्रॅश. नंतर स्टिक दुसऱ्याच्या हातात द्या आणि पंधरा-वीस फूट लांब जाऊन उभे राहा, कारण श्रोते तिथे बसतात. ड्रमरच्या कानाशी कर्कश वाटणारा राइड लांबून गोड लागतो, आणि कधी याच्या बरोबर उलटं होतं. एकाच मालिकेतले, एकाच मापाचे दोन राइडही सारखे वाजत नाहीत. त्यामुळे मित्राकडे तोच मॉडेल आहे, हे कारण धरू नका.

भावाचं थोडक्यात : नव्याच्या निम्म्यापासून बोलायला सुरुवात करा, आणि ‘का विकताय?’ हे जरूर विचारा. काकांनी सरळ सांगितलं, पोराला आता वेळ नाही. तिथे फार घासाघीस करावीशी वाटली नाही. लांबलचक कारण आलं की मी पुन्हा नख फिरवतो.

घरी आणल्यावर स्टँडच्या दांडीवर प्लास्टिकची नळी आहे का ते आधी बघा. जुन्या स्टँडवर ती नेमकी हरवलेली असते, आणि भोक लांबट होतं ते त्यामुळेच. म्युझिकच्या दुकानात नाही मिळाली तर हार्डवेअरवाल्याकडून दांडीवर घट्ट बसेल अशी पाण्याची नळी घ्या. बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा पुरतो.